कामासाठी आलेल्यांची मुंबई

केवळ पाहण्यासाठी मुंबईला जाणे ही चाल फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात घाटावरून किंवा कोकणातून येणाऱ्यापुढे आधी काम असे: अपिलाची तारीख, कापसाचा सौदा, दुकानासाठी कापडाची खरेदी. शहर पाहायचे ते यातून उरलेल्या वेळात. त्यामुळे बाहेरगावच्या लोकांच्या तोंडी ‘पाहण्यासारख्या’ म्हणून ज्या जागा रुळल्या, त्या बऱ्याच अंशी गाड्यांच्या वेळा, कचेऱ्यांचे तास आणि बाजाराच्या गल्ल्या यांनी ठरवल्या.

सुरुवातीची अडचण प्रवासाचीच होती. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली, तरी घाट पालखीत, तट्टावर किंवा पायी उतरून खोपोलीला पुन्हा गाडी धरावी लागे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि पुण्याचा माणूस एका दिवसात बोरीबंदरला उतरू लागला. कोकणातले लोक आगबोटीने भाऊच्या धक्क्याला लागत. १८६२ मध्ये स्थापन झालेल्या उच्च न्यायालयात रत्नागिरीपासून धारवाडपर्यंतची अपिले चालत. तारीख पुढे गेली की पक्षकाराला थांबावे लागे आणि मधले दिवस रिकामे मिळत. १८६३ मध्येच गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. शहरातली देवळे, बाजार, संस्था आणि चालीरीती यांची एवढी तपशीलवार माहिती मराठी वाचकाला मराठीतच मिळाली, ही मोठीच सोय झाली.

खरेदीला आलेल्यांचा मुक्काम बहुधा भुलेश्वर, काळबादेवी, सी. पी. टँक या भागात पडे. माधवबाग, हिराबाग अशा धर्मशाळा तिथेच होत्या. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात मराठी मंडळींची उतरण्याची सोय होती. लोकमान्य टिळकांचे १९२० मध्ये निधन झाले ते याच वास्तूत. मूळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार आणि मुंबादेवीचे देऊळ ही सगळी चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने देवदर्शन आणि माल पाहणे एकाच फेरीत उरके. १८६९ मध्ये बांधून झालेले क्रॉफर्ड मार्केटही असेच बाजार आणि प्रेक्षणीय स्थळ, दोन्ही होते. मंडईसाठी उभारलेली एवढी देखणी दगडी इमारत गावाकडच्या माणसाने अन्यत्र पाहिलेली नसे.

लांबच्या जागा आवाक्यात आणल्या त्या ट्रामने. १८७४ मध्ये कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. भाडे आधी तीन आणे होते, पुढे ते उतरले. पायधुणी म्हणजे व्यापाऱ्यांच्या वस्तीचा उंबरठाच. तिथे ट्रामात बसले की कोट विभागातल्या नव्या इमारतींपर्यंत सुखाने जाता येई. १८७८ मध्ये पूर्ण झालेले उच्च न्यायालय आणि त्याच वर्षी उभा राहिलेला शेजारचा राजाबाई टॉवर यांपैकी पहिल्यात काम असे, दुसरा मान वर करून पाहायचा असे. १९०७ मध्ये ट्राम विजेवर धावू लागल्या आणि १९६४ पर्यंत चालल्या.

सर्वांत लोकप्रिय झाली ती भायखळ्याची राणीची बाग. ती १८६२ मध्ये खुली झाली आणि दहा वर्षांनी तिच्याच आवारात संग्रहालयाची इमारत लोकांसाठी उघडली. तिच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांचा पुढाकार होता. १९७५ पासून संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कारागिरांच्या वस्तू, निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या छोट्या प्रतिकृती तिथे मांडलेल्या आहेत. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून ‘एलिफंटा’ म्हटले, तो हत्तीही याच आवारात आहे. बेटावर जायला सवड नसलेल्या माणसाला तिथली ही एवढी खूण शहरातच दिसे. प्राणी, झाडे आणि इतिहास एकाच ठिकाणी असल्यामुळे अर्ध्या दिवसात भरपूर पाहिल्याचे समाधान मिळे.

संध्याकाळ नाटकाची. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या सांगलीकर मंडळींनी खेळ केले. १९१३ मध्ये गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. दिवसा काम करणाऱ्या पाहुण्याला रात्रीची करमणूक सर्वांत सोयीची होती.

१ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर दख्खनची राणी ही गाडी धावू लागली. सकाळी पुण्याहून निघून संध्याकाळी परतण्याचा शिरस्ता पुढे पडला, तसा पुणेकरांचा मुक्कामच संपला. मुक्कामाबरोबर राणीची बाग आणि रात्रीचे नाटकही सुटले. हाती उरला तो कचेरी आणि स्टेशन यांच्या मधला कोट विभाग.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर राज्यभरातून लोक सचिवालयात, म्हणजे आजच्या मंत्रालयात, येऊ लागले. कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरची विदर्भ, मराठवाड्याची देवगिरी या रात्रीच्या गाड्या त्यांना सकाळी मुंबईत उतरवतात. सर्वसामान्य अभ्यागतांना दुपारनंतर प्रवेश देण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा सकाळ मोकळी राहू लागली. मंत्रालयापासून जवळ असलेले गेटवे ऑफ इंडिया आणि मरीन ड्राइव्हवरचे १९५१ चे तारापोरवाला मत्स्यालय ही या सकाळची ठिकाणे बनली. घारापुरीची लाँच मात्र बहुतेकांना परवडत नसे, कारण जाऊन येण्यात निम्मा दिवस जातो.

२०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात उच्च न्यायालयही आहे. २०२१ पासून ते आणि महापालिकेचे मुख्यालय माहितगारांबरोबर फिरून पाहण्याची सोय झाली. ही फेरी शनिवारी-रविवारी, कामकाज बंद असताना होते. त्यामुळे तारखेला आलेल्या पक्षकाराला ती पाहायची तर शनिवारपर्यंत मुक्काम वाढवावा लागतो.