चुंबकीय तबकडीतील अस्थैर्य : सिद्धांताचा इतिहास आणि मुंबईची क्ष-किरण निरीक्षणे

उंचावरून पडणाऱ्या पाण्याचे सामर्थ्य अलोऱ्याच्या रहिवाशाला समजावून सांगावे लागत नाही. कोयनेचे पाणी सह्याद्री उतरताना वीज देते. कृष्णविवराभोवतीच्या वायूच्या तबकडीचे तत्त्वही तेच. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्के अंश ऊर्जारूपाने मुक्त होतो, तर न फिरणाऱ्या कृष्णविवराकडे घसरणाऱ्या वायूतून सुमारे ५.७ टक्के. मात्र परिभ्रमण करणारा वायू आपला कोनीय संवेग बाहेर टाकल्याविना आत जाऊ शकत नाही.

रेणूंच्या परस्पर घर्षणाने हे कार्य साधत नाही, एवढे ते क्षीण असते. १९७३ मध्ये शाकुरा व सुन्याएव्ह यांनी ही अडचण ‘आल्फा’ या एका अंकात बांधली. कारण मात्र अनुत्तरितच राहिले. वास्तविक उत्तर छापून झाले होते! वेलिखोव्ह (१९५९) आणि सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर (१९६०) यांनी दोन नळकांड्यांमधील विद्युतवाहक द्रवाचा विचार करताना दाखविले होते, की कोनीय वेग बाहेरच्या दिशेने घटत असेल तर दुर्बल चुंबकीय क्षेत्रही प्रवाह अस्थिर करते. क्षेत्ररेषा ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे वागते : आतल्या, वेगवान वायूला मागे ओढते व बाहेरच्या वायूला पुढे खेचते. संवेग गमावलेला वायू आणखी आत उतरतो, ताण आणखी वाढतो. बॅल्बस व हॉली यांनी १९९१ मध्ये हे सूत्र तबकडीला लावेपर्यंत तीन दशके लोटली. ज्ञानशाखांमधील भिंतींची ही किंमत होय.

या इतिहासात मुंबईचा उल्लेख क्वचितच येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्था व इस्रो यांनी घडविलेली क्ष-किरण उपकरणे मार्च १९९६ मध्ये आय.आर.एस.-पी३ उपग्रहावरून अवकाशात गेली. १९९७ मध्ये त्यांनी जी.आर.एस. १९१५+१०५ या स्रोताचे जवळजवळ नियमित स्फोट टिपले. न्यूट्रॉन ताऱ्यावरील स्फोट झटकन चढतो व सावकाश ओसरतो. येथे चढण मंद आणि उतार तीव्र होता. पॉल, अग्रवाल, राव प्रभृतींनी १९९८ मध्ये याचा अर्थ, द्रव्य घटना-क्षितिजापलीकडे लुप्त होत असावे, असा लावला. तबकडीचा आतला भाग रिकामा होऊन पुन्हा भरतो, हे बेलोनी प्रभृतींचे स्पष्टीकरण १९९७ चे. प्रस्तुत लेखकास निरीक्षण निर्विवाद, परंतु अन्वयार्थ धाडसी वाटतो.

अडचण आणखी एक आहे. प्रारणदाबाने व्यापलेली तबकडी अस्थिर असते, असे लाइटमन व अर्डली यांनी १९७४ मध्ये सिद्ध केले होते. मग असे स्पंदन मोजक्याच स्रोतांत का आढळावे? चुंबकीय दाब इतरत्र तबकडीला सावरत असावा, असा एक तर्क आहे. २०१५ च्या ॲस्ट्रोसॅटवरील मुंबईच्याच उपकरणाने या स्रोताचा पुन्हा वेध घेतला. २०१८ मध्ये मात्र, सव्वीस वर्षांच्या तेजानंतर, तो मंदावला.