नोंदवहीचें मोल

तुटलेला मज्जारज्जु सांधणारें औषध अजून निघालेलें नाहीं. तो तुटूं नये म्हणून मात्र एक साधी नोंदवही कामास आली. अमेरिकन फुटबॉलमध्यें शिरस्त्राणाच्या भरंवशावर खेळाडू डोकें खालीं घालून प्रतिपक्ष्यावर आदळत. १९७५ सालीं डॉ. जोसेफ टॉर्ग यांनीं देशभरच्या मानेच्या दुखापती टिपण्यास आरंभ केला. नोंदी जुळवतां उमगलें, कीं मान वांकवली म्हणजे मणके एका रेषेंत येतात आणि धडकेचा सारा भार त्यांवर पडतो. १९७६ मध्यें अशा धडकेस बंदी झाली. त्या हंगामांत हातपाय कायमचे लुळे झालेले खेळाडू ३४ होते. पुढील वर्षीं १८, १९८४ मध्यें अवघे ५. जन्मभराच्या शुश्रूषेपायीं घर कर्जांत बुडतें. नियम बदलावयास कितीसा खर्च येतो? आरोग्याच्या जमाखर्चांत टांक-कागदाची किंमत विसरूं नये.