युनिक्स स्वामित्व विवाद

युनिक्स ही संगणकाची परिचालन प्रणाली आणि तिच्याशी साम्य असलेल्या बीएसडी व लिनक्स या प्रणाली यांच्या मालकीवरून अमेरिकेत १९९२ ते २०२१ या काळात चाललेल्या न्यायालयीन संघर्षांचा निर्देश या नावाने करता येतो. संगणकाची स्मृती, तबकड्या, छपाईयंत्र इ. भागांचे नियंत्रण करून त्यांच्यावर इतर आज्ञावली चालविण्याची सोय करणाऱ्या मूलभूत आज्ञावलींच्या समूहास परिचालन प्रणाली म्हणतात. वादातील पक्षकार मोठ्या कंपन्या होत्या आणि निकाल बहुतांशी त्यांच्या खरेदीखतांवरून लागले. तथापि या खटल्यांचे महत्त्व केवळ व्यापारी नाही. एखाद्या कंपनीची आज्ञावली वाचलेल्या वा तिच्यावर काम केलेल्या आज्ञावलीकाराने पुढे स्वतंत्रपणे जे लिहिले, त्यावर त्या कंपनीचा हक्क पोहोचतो काय, हा त्यांतील मूळ प्रश्न होता. आज्ञावलीकारांनी त्याला दिलेले उत्तर हा संगणक व्यवसायातील नीतिविचाराच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

युनिक्सचा उगम अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ (एटी अँड टी) कंपनीच्या न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये झाला. केन टॉम्पसन (१९४३– ) व डेनिस रिची (१९४१–२०११) हे तिचे प्रमुख निर्माते होत. १९७३ मध्ये ती सी या भाषेत नव्याने लिहिण्यात आल्यामुळे निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. एटी अँड टीवर १९५६ च्या संमती हुकूमनाम्याचे बंधन होते. त्यानुसार तिला दूरध्वनीखेरीज अन्य व्यवसायात उतरता येत नसे. त्यामुळे युनिक्सची विक्री न करता कंपनी विद्यापीठांना ती नाममात्र शुल्कात परवान्यावर देई आणि सोबत मानवाला वाचता येण्याजोगी मूळ संहिताही देई. चुका दुरुस्त करण्याची हमी मात्र नसे. परिणामी ज्याला चूक सापडेल त्यानेच ती सुधारावी व सुधारणा इतरांस कळवावी, असा प्रघात पडला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स (१९३७–९८) यांनी सहाव्या आवृत्तीच्या संहितेवर १९७७ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. सातव्या आवृत्तीच्या (१९७९) परवान्यात कंपनीने संहितेच्या अध्यापनावर निर्बंध घातला, तेव्हा या भाष्याच्या छायाप्रती हातोहात फिरू लागल्या. परवान्याच्या अक्षराप्रमाणे पाहता हा करारभंगच होता. परंतु अभियंत्यांच्या एका संपूर्ण पिढीचे शिक्षण अशा प्रतींवर झाले. ते भाष्य रीतसर छापून प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी युनिक्समध्ये घातलेली भर एवढी मोठी होती, की तिची बीएसडी ही स्वतंत्र शाखाच बनली. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन होऊन जुने बंधन संपले, कंपनी युनिक्सच्या व्यापारात उतरली आणि मूळ संहितेच्या परवान्याचे मूल्य झपाट्याने वाढत गेले. बर्कलीचे काम वापरू इच्छिणाऱ्यालाही एटी अँड टीचा परवाना घ्यावा लागे. यावर उपाय म्हणून कीथ बॉस्टिक यांच्या पुढाकाराने अनेक स्वयंसेवकांनी युनिक्समधील उपयुक्त आज्ञावली, मूळ संहिता न पाहता, केवळ त्यांच्या वर्णनावरून नव्याने लिहिल्या. कामाचा मोबदला म्हणून त्यांना फक्त नामनिर्देश मिळणार होता. १९९१ मध्ये हा संच ‘नेटवर्किंग रिलीज २’ या नावाने खुला करण्यात आला.

या संचाच्या आधारे बीएसडीआय नावाच्या छोट्या कंपनीने स्वस्त प्रणाली विक्रीस आणताच एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या शाखेने १९९२ मध्ये तिच्यावर आणि पुढे विद्यापीठावरही दावा लावला. शब्दशः नक्कल हा या दाव्याचा एक भाग होता. दुसरा भाग अधिक दूरगामी होता. बर्कलीच्या लोकांनी युनिक्सची संहिता पाहिलेली असल्यामुळे तीतील ‘पद्धती व संकल्पना’ त्यांच्या मनात राहिल्या असून त्यांनी यापुढे लिहिलेल्या संहितेतही व्यापारी गुपिताचा भंग संभवतो, असे वादीचे म्हणणे होते. आज्ञावलीकारांनी या युक्तिवादाची ‘मनोदूषण’ म्हणून खिल्ली उडविली. परंतु त्यातील धोका खरा होता. तो मान्य झाला असता, तर एका ठिकाणी काम शिकलेल्या माणसाला दुसऱ्या ठिकाणी तेच काम करणे अशक्य झाले असते. कारागिराला हत्यारे परत करता येतात. शिकलेले परत करता येत नाही. न्यायाधीश डिकिन्सन डेबेव्हॉइस यांनी मार्च १९९३ मध्ये अंतरिम मनाई हुकूम नाकारला. एटी अँड टीने एका जुन्या आवृत्तीच्या प्रती लेखाधिकाराची, म्हणजेच कॉपीराइटची सूचना न छापता वाटलेल्या होत्या. तत्कालीन कायद्यानुसार त्यामुळे तिचे संरक्षण बहुधा संपुष्टात आले असावे आणि इतक्या लोकांनी पाहिलेली संहिता गुपित मानता येणे कठीण आहे, असे त्यांचे मत पडले. उलट विद्यापीठाने प्रतिदावा लावला, की एटी अँड टीने आपल्या युनिक्समध्ये बर्कलीची संहिता घेताना तिच्या कर्त्यांचा परवान्याप्रमाणे आवश्यक असलेला उल्लेख केला नाही. ही तक्रार निराधार नव्हती. दरम्यान नोव्हेल कंपनीने युनिक्सचा व्यवसाय विकत घेतला आणि १९९४ च्या प्रारंभी तडजोड झाली. १८,००० फाइलींपैकी केवळ ३ काढून टाकण्यात आल्या व सु. ७० फाइलींत युनिक्सच्या मालकाची सूचना घालण्यात आली.

या दोन वर्षांच्या अनिश्चिततेत लिनक्सला वाव मिळाला. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स (१९६९– ) याने १९९१ मध्ये ही प्रणाली लिहिण्यास आरंभ केला. तिने रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांच्या ग्नू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना स्वीकारला. या परवान्यानुसार संहिता कोणालाही वापरता, बदलता व वाटता येते. मात्र पुढे देताना तीच मोकळीक घेणाऱ्यालाही द्यावी लागते.

विवादाचा दुसरा व दीर्घ टप्पा येथून उद्भवला. नोव्हेलने सप्टेंबर १९९५ मध्ये युनिक्सचा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशन या कॅलिफोर्नियातील कंपनीस विकला. करारपत्राच्या परिशिष्टात लेखाधिकार विक्रीतून वगळलेले होते. १९९६ मधील दुरुस्तीची भाषा संदिग्ध होती आणि या संदिग्धतेवर पुढे अनेक वर्षे वकिलांची उपजीविका झाली. २००१ मध्ये हा व्यवसाय यूटा राज्यातील कॅल्डेरा कंपनीकडे आला. विशेष म्हणजे कॅल्डेरा ही स्वतःच लिनक्सची विक्रेती होती व तिचे कर्मचारी लिनक्सच्या विकासाला हातभार लावीत. २००२ मध्ये तिने एससीओ ग्रूप हे नाव घेतले व डार्ल मॅकब्राइड हे तिचे प्रमुख झाले. मार्च २००३ मध्ये या कंपनीने युनिक्सची संहिता लिनक्समध्ये घातल्याच्या आरोपावरून आयबीएमवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला. ही रक्कम पुढे ५०० कोटींपर्यंत वाढविण्यात आली. मे २००३ मध्ये सु. १,५०० मोठ्या कंपन्यांना इशारापत्रे गेली आणि नंतर लिनक्सच्या वापरासाठी प्रत्येक प्रक्रियकामागे ६९९ डॉलरची मागणी सुरू झाली.

आयबीएमवरील आरोपाचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. लिनक्सला दिलेली वादग्रस्त संहिता आयबीएमच्या व तिने घेतलेल्या सीक्वेंट कंपनीच्या अभियंत्यांनी स्वतः लिहिलेली होती. परंतु ती एकदा युनिक्सपासून बनलेल्या प्रणालींच्या सोबत नांदली असल्यामुळे तिच्यावरही मूळ परवान्याचे बंधन आहे, असे एससीओचे प्रतिपादन होते. १९९२ मधील मनाविषयीचा दावा येथे संहितेविषयी नव्या स्वरूपात पुढे आला. परवानाधारकाने स्वतः लिहिलेला भाग त्याच्याच मालकीचा राहील, असे एटी अँड टीने फेब्रुवारी १९८५ मध्ये आयबीएमला लेखी कळविले होते आणि त्याच वर्षी आपल्या वार्तापत्रातूनही हाच खुलासा केला होता.

आज्ञावलीकारांचा विरोध संपाच्या वा बहिष्काराच्या रूपाने झाला नाही; तो संशोधनाच्या रूपाने झाला. चोरीची संहिता कोणती ते दाखवा, आम्ही ती काढून टाकतो, ही त्यांची मागणी होती. एससीओने ती गोपनीयतेच्या कारणास्तव टाळली. ऑगस्ट २००३ मध्ये लास व्हेगास येथील सभेत कंपनीने दोन नमुने पडद्यावर दाखविले व काही मजकूर ग्रीक अक्षरांत टाकून झाकला. जाणकारांनी तो तत्काळ उलगडला. स्मृतीच्या वाटपाविषयीचा पहिला नमुना १९७० नंतरच्या दशकातील युनिक्सचा होता. त्या जुन्या आवृत्त्या कॅल्डेराने स्वतःच जानेवारी २००२ मध्ये खुल्या केल्या होत्या. दुसऱ्याचा उगम बर्कलीच्या परंपरेतील होता आणि लिनक्समधील त्याचे रूप स्वतंत्रपणे लिहिलेले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी काही फाइलींची यादी पुढे आली, तेव्हा त्यांतील काही आपण १९९१ मध्ये स्वहस्ते लिहिल्या असल्याचे टॉरव्हाल्ड्स यांनी जुन्या प्रती काढून दाखविले. पामेला जोन्स यांनी मे २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रोकलॉ’ या संकेतस्थळावर न्यायालयीन कागदपत्रे जमा होत गेली आणि जुन्या अभियंत्यांनी आपापल्या स्मरणातील व कपाटांतील पुरावे त्यांत घातले. कंपनीच्या आतही मतभेद होता. खटल्यापूर्वी झालेल्या तपासणीत लेखाधिकारभंगाचा काहीही पुरावा आढळला नव्हता, असे तिच्याच एका अभियंत्याने ऑगस्ट २००२ मध्ये वरिष्ठांना लिहिले होते. हे पत्र २००५ मध्ये न्यायालयाच्या मोहोरेतून मुक्त झाले.

आज्ञावलीकारांची बाजू सर्वस्वी निष्कलंक होती असे मात्र म्हणता येणार नाही. लास व्हेगास येथील पहिला नमुना सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीकडून लिनक्समध्ये खरोखरच नकलून आला होता. तो काढण्यात आला एवढेच. हजारो लोकांनी पाठविलेली संहिता स्वीकारताना तिचा उगम विचारण्याची पद्धत तोवर नव्हती. मे २००४ मध्ये टॉरव्हाल्ड्स यांच्या सूचनेवरून ती घालून देण्यात आली. संहिता पाठविणाऱ्याने ती आपण लिहिली असल्याचे अथवा खुल्या परवान्याखाली देण्याचा आपणास हक्क असल्याचे स्वतःच्या नावानिशी प्रमाणित करावयाचे व पुढे पाठविणाऱ्यानेही आपले नाव जोडावयाचे, असा हा नियम आहे. दस्तऐवजावरील साक्षीदारांच्या सह्यांप्रमाणे ही नावे संहितेच्या इतिहासात कायम राहतात. या सर्व विवादातून टिकून राहिलेली सर्वांत मोलाची गोष्ट बहुधा हीच होय.

न्यायालयात एससीओचा पक्ष टप्प्याटप्प्याने ढासळला. न्यायाधीश डेल किमबॉल यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये पुराव्याच्या अभावाबद्दल आश्चर्य व्यक्त केले. जून २००६ मध्ये दंडाधिकारी ब्रुक वेल्स यांनी आरोपांच्या यादीतील बहुसंख्य बाबी मोघम म्हणून रद्द केल्या. दुकानाबाहेर अडविलेल्या ग्राहकाच्या हाती मालाची संपूर्ण सूची देऊन चोरी कोणती ते त्यानेच शोधावे असे सांगण्यासारखे हे आहे, असा दृष्टांत त्यांनी दिला. लेखाधिकार नोव्हेलकडेच असल्याचा निर्णय ऑगस्ट २००७ मध्ये झाला व पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले. अपील न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय फिरवून प्रश्न ज्यूरीकडे सोपविला. मार्च २०१० मध्ये ज्यूरीचा कौल पुन्हा नोव्हेलच्या बाजूने पडला आणि २०११ मध्ये तो अपिलात कायम झाला. म्हणजे ज्या हक्काच्या बळावर सर्वांकडून पैसे मागितले गेले, तो मागणाऱ्याकडे नव्हताच.

प्रत्यक्ष लिहिणाऱ्याचे स्थान कायद्यात दुय्यमच राहिले. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा कर्ता म्हणून मालकच गणला जातो. त्यामुळे या खटल्यांत आयबीएमचे अभियंते साक्षीदार होते, पक्षकार नव्हते. भारतात १९५७ च्या लेखाधिकार अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलींचा समावेश वाङ्मयीन कृतींत झाला. कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा लेखाधिकार, विरुद्ध करार नसल्यास, मालकाकडे जातो. तथापि कर्तृत्व मात्र व्यक्तीचेच राहते आणि लेखाधिकार हस्तांतरित झाल्यावरही आपण कर्ते असल्याचे सांगण्याचा हक्क कलम ५७ लेखकाला देते. कायदेशीरपणे मिळविलेल्या आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करून तिच्यामागील कल्पना जाणून घेण्यासही १९९९ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. बर्कली येथे जे तडजोडीवर सुटले, त्याला येथे काही अंशी कलमाचा आधार आहे.

आयबीएमविरुद्धचा दावा २०१३ मध्ये पुन्हा उघडण्यात आला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यातील एक मुद्दा जिवंत ठेवला आणि अखेरीस २०२१ मध्ये आयबीएमने एससीओच्या दिवाळखोरीच्या विश्वस्ताला १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटविला. लिनक्समधील एकही ओळ न्यायालयाच्या आदेशाने काढावी लागली नाही. युनिक्स हे व्यापारचिन्ह तर एससीओकडे कधीच नव्हते. ते ओपन ग्रूप या संस्थेकडे आहे. नोव्हेल कंपनी २०११ मध्ये ॲटॅचमेटने घेतली, पुढे २०१४ मध्ये ती मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये मायक्रो फोकससह ओपनटेक्स्टकडे गेली.