शनवारतेल्यांचा हझान

आपल्या वाशीमकडं गावच्या जोश्याचं, गुरवाचं बलुतं सुगीत खळ्यावरच ठरलेलं असे. सारा गाव मिळून ते देई. पण एखाद्या धर्माची गावात पाचसातच घरं असली, तर त्यांनी आपला धर्माधिकारी पोसावा कसा?

कोकणातल्या बेने इस्रायलांपुढं हाच प्रश्न होता. हे यहुदी तेलाचे घाणे चालवीत नि शनिवारी ते बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. शास्त्र शिकलेला रब्बी त्यांच्यात नव्हता. लग्नं लावायची, तंटे तोडायचे, हे काम काही घराण्यांत वंशपरंपरेनं चाले. त्यांना काजी म्हणत. एकेक काजी अनेक गावं सांभाळी.

१७९६ साली दिवेकरांनी मुंबईत बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पण हिब्रू प्रार्थना शिकवायला जाणकार हवेत. त्यांतले काही कोचीनकडून आले. १८२६ साली आलेले शेलोमो शुर्राबी हे त्यांतलेच.

प्रार्थना चालवणारा तो हझान. लहान वस्तीत तोच शास्त्राप्रमाणं जनावर कापी, सुंता करी, पोरांना अक्षरं गिरवायला लावी. एका पगारात चार कामं! काटकसर खरी, पण तो गेला की चारही अडत.

प्रार्थना मात्र त्याच्यावाचून अडत नाही. जाणता गृहस्थही ती चालवू शकतो. मात्र सामुदायिक प्रार्थनेला प्रौढ पुरुष दहा लागतात, नि ते काही पगारानं ठेवता येत नाहीत. १९४८ नंतर कुटुंबंच्या कुटुंबं इस्रायलला गेली. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगांत आता दहावा माणूस सणालाच, मुंबई-ठाण्याहून येतो.