उडालेला कलप

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची पुण्याहून आमच्याकडे नेरुळला आली ती डोक्याला ओढणी गुंडाळूनच. मला वाटलं, ऊन लागू नये म्हणून असेल. घरात येऊन पाणी प्यायली, आंबा खाल्ला तरी ओढणी काढेना, तेव्हा आईने (म्हणजे तिच्या आजीने) विचारलं, "काय गं, उवा झाल्यात का?"

ओढणी निघाली. आतला रंग काय सांगू... पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीवर शेवाळं धरतं आणि दिवाळीपर्यंत ते वाळतं ना, तसला काहीसा.

तर झालं होतं असं. हॉस्टेलवर मैत्रिणीच्या मदतीने बाईसाहेबांनी केस ब्लीच केले, तेही दोनदा. त्यावर निळा रंग. आठवडाभर झकास. तिसऱ्या आठवड्यात निळ्याचा हिरवा झाला. (ब्लीच केलेल्या केसात पिवळेपणा उरतोच, त्यावर विरलेला निळा म्हणजे हिरवाच होणार. चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो की!) पुढच्या सोमवारपासून बेलापूरला इंटर्नशिप. म्हणून घाबरून काळ्या कलपाचं खोकं आणून त्यावर लावलं. चार वेळा न्हाल्यावर तोही उडाला.

"मावशी, अजून एक खोकं आणूया का?"

मी हो म्हणणारच होते. आई म्हणाली, "अजिबात नाही."

आईचा हा अधिकार कुठून आला ते सांगायला हवं. १९९१ सालची गोष्ट. लोकल वाशीला आली १९९२ मध्ये, त्याआधी आई बसने खाडीपूल ओलांडून फोर्टातल्या ऑफिसला जायची. वय बेचाळीस, पण केस बरेच पिकले होते. एक दिवस नवीन बदलून आलेल्या साहेबांनी सहज विचारलं, "तुम्हाला रिटायर व्हायला किती राहिलं?" राहिली होती सोळा वर्षं! आई काही बोलली नाही. त्या रविवारी घरात कलपाची पहिली पुडी आली. मग दर महिन्याचा शेवटचा रविवार कलपाचा. फुटकी वाटी, जुना टूथब्रश, खांद्यावर टाकायला विटका टॉवेल, आणि मोरीच्या फरशीवर कायमचे काळे ठिपके.

पंधरा वर्षं बिनबोभाट चाललं. मग एका सोमवारी आई उठली ती डोळे सुजून बंद झालेले, कपाळ लाल, टाळूवर पाणी सुटलेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही पीपीडीची ॲलर्जी, आणि ती एकदा जडली की बहुधा जन्मभराची. वर्षानुवर्षं सोसलेला कलपही अचानक असा उलटू शकतो. कुठल्या कंपनीचा होता ते विचारू नका, कायम टिकणाऱ्या बहुतेक काळ्या कलपांत पीपीडी किंवा त्याचं भावंड असतंच.

हे पीपीडी म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन. त्याची गोष्ट रंगीत आहे. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. डांबरातून रंग काढायचा उद्योग तिथून सुरू झाला. त्याचे गुरू ऑगस्ट हॉफमन. त्यांनी १८६३ मध्ये दाखवलं की पीपीडीला ऑक्सिजन मिळाला की ते गडद होतं. या गुणाचा केसांसाठी चोख वापर पुढे झाला. १९०७ साली पॅरिसच्या यूजीन श्यूलर नावाच्या रसायनतज्ज्ञाने केसांचा रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लोरिआल झाली. आपल्याकडे खाडीच्या पलीकडे, विक्रोळीच्या गोदरेजने १९७० च्या दशकात कलपात पाय रोवला आणि कलप हळूहळू वाण्याच्या दुकानात शाम्पूच्या पुडीशेजारी जाऊन बसला.

दुसरं पात्र हायड्रोजन पेरॉक्साइड. ते १८१८ साली थेनार या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधलं. त्याने केस सोनेरी करता येतात हे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिलं.

आता गंमत बघा. खोक्यातून येणाऱ्या काळ्या कलपात दोन बाटल्या असतात, त्यातल्या एकीत हेच पेरॉक्साइड. म्हणजे काळं करणाऱ्या खोक्यातही थोडं ब्लीच असतंच! पीपीडीचे बारीक कण केसात शिरतात, पेरॉक्साइडमुळे आत एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि अडकून बसतात. धडधाकट केसात हे छान जमतं. पण ब्लीच केलेल्या केसाचे वरचे खवले उचललेले असतात आणि आतून तो जाळीसारखा झालेला असतो. मोठे झालेले कणही तिथून निसटतात. निळ्या-गुलाबी रंगांचं तर विचारूच नका, ते बहुधा नुसतेच फटींमध्ये बसतात आणि दर आंघोळीला थोडे थोडे मोरीत जातात. दुसरं खोकं म्हणजे त्याच जाळीला आणखी भोकं.

आईला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. तिने भाचीचा एक केस ओला करून ताणला. तो रबरासारखा लांबला आणि तुटला. "यात धरायला काही उरलंच नाहीये," ती म्हणाली. "आधी पाया घालू, मग रंग."

हे वाक्य ऐकून मला वराहमिहिर आठवला. सहाव्या शतकातल्या त्याच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्ती नावाचा अध्याय आहे. अत्तरांचा अध्याय, पण सुरुवात होते ती केस काळे करण्यापासून! केस पांढरे असतील तर माळा-दागिने काही शोभत नाहीत, असं त्याचं म्हणणं. (फोर्टातल्या त्या साहेबांचा हा पूर्वज असणार.) त्याची कृती अशी: लोखंडी भांड्यात कोद्रूचे दाणे लोहचूर्णाबरोबर आंबात शिजवायचे, वाटून डोक्याला लावायचे आणि वर ओली पानं गुंडाळायची. दोन प्रहरांनी ते काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. मग धुवायचं. शेवटी लोखंडाचा आणि आंबाचा वास जावा म्हणून सुगंधी तेल.

म्हणजे बारा तासांचं काम, आणि दोन टप्प्यांचं. आधी लोह, मग आवळ्यातलं तुरट द्रव्य. दोन्ही भेटले की काळं होतं. आपले रंगारीही कापडाला एकदम रंगात बुडवत नसत. आधी हिरडा, तुरटी, मग रंग. नाहीतर पहिल्या धुण्यात रंग पाण्यात.

आईची कृतीही तशीच दोन टप्प्यांची. आधी मेंदी, मग नीळ. (कपड्यांची नीळ नव्हे हं! नीळ या झुडपाच्या पानांची पूड.) मेंदीतला रंग केसातल्या प्रथिनालाच चिकटतो, म्हणून तो सहजी निघत नाही. ब्लीचमध्ये केसाचा नैसर्गिक तांबूसपणा गेलेला असतो, तो मेंदी परत देते. त्यावर नीळ चढली की तपकिरी-काळं होतं. नुसती नीळ लावली असती तर पुन्हा हिरवंच झालं असतं.

एक मात्र आईने बदललं. स्वतःसाठी ती मेंदी लोखंडी कढईत भिजवते. भाचीसाठी स्टीलचं पातेलं घेतलं, कारण पेरॉक्साइड आणि लोखंड यांचं जमत नाही. केसात लोह असताना पुढे कधी पुन्हा ब्लीच लावलं तर केस तापून जळू शकतात. आणि पाकिटावरचे घटक भिंग लावून वाचले. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा पीपीडीच असतं. शुद्ध मेंदी कधीच काळी रंगत नाही.

शुक्रवारी कोपराच्या आत ठिपका लावून पाहिला, कंगव्यात आलेल्या केसांवर रंग पाहिला. रविवारी सकाळी तीन तास मेंदी. ती धुतल्यावर भाचीने आरसा पाहिला आणि रडायलाच लागली, कारण डोकं गाजरासारखं झालं होतं. आई म्हणाली, "थांब गं, पाया असाच दिसतो." मग नीळ साध्या पाण्यात कालवून लगेच, दीड तास. संध्याकाळी जरा हिरवट काळं वाटलं, सोमवारी सकाळपर्यंत हवेने गडद तपकिरी झालं. चार बोटं शेंडे कापावे लागले ते लागलेच. शेंड्यांवरचा रंग महिन्याभरात फिका झाला, तेव्हा पुन्हा नीळ लावली.

किंमत एकच. या केसांवर आता पुन्हा ब्लीच नाही, निळीचा हिरवा होतो आणि तो हटता हटत नाही. नवे केस वाढेपर्यंत थांबायचं. भाचीने ते कबूल केलं, पण निळे केस करणं चूक होतं असं काही तिने कबूल केलं नाही. आईनेही ते वदवून घेतलं नाही. "तू पैसे देऊन पांढरे करतेस, मी पैसे देऊन काळे करते. मी कुठल्या तोंडाने बोलू?" एवढंच म्हणाली.

रात्री भाचीने विचारलं, "आजी, तुझे खरे केस कसे आहेत गं?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एक्क्याण्णव सालानंतर मीही पाहिले नाहीत."

तेव्हापासून नीळ दोनदा घरात आली, ती भाचीसाठी. आईने स्वतःला लावलेली नाही. का, ते मी विचारलेलं नाही. भांगाजवळ दोन बोटं पांढरं दिसायला लागलंय.

असो. तुमच्या घरी मेंदी-निळीचं प्रमाण काय असायचं? आजीला, काकूला विचारून जरूर कळवा.