एका चाळीत दोन झेंडे

ऑक्टोबर १९७०. परळ विधानसभा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीची मतमोजणी संपली. शिवसेनेचे वामनराव महाडिक यांना ३१,५९२ मते पडली होती, कम्युनिस्ट पक्षाच्या सरोजिनी देसाई यांना २९,९१३. फरक १,६७९ मतांचा. शिवसेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला आणि लाल बावट्याचा बालेकिल्ला म्हणून ओळखले जाणारे गिरणगाव ढासळले.

ही पोटनिवडणूक एका खुनामुळे लागली होती. सरोजिनीबाईंचे पती, आमदार कृष्णा देसाई यांना ५ जून १९७०च्या रात्री लालबागच्या तावरीपाड्यात भोसकून मारण्यात आले. परळ-लालबागमध्ये त्यांना ‘कृष्णा’ म्हणूनच हाक मारली जाई. आधी नगरसेवक, १९६७पासून आमदार. व्यायामशाळेतल्या पोरांना जमवून लोकसेवा दल उभारणारा, दांडगा, रस्त्यावरचा माणूस. या खुनाचा खटला चालला आणि शिवसेनेशी जोडल्या गेलेल्या अनेक तरुणांना शिक्षा झाल्या. नवरा मारला गेल्यावर चार महिन्यांत त्याची बायको मते मागायला उभी राहते, तरीही शेजारपाजारच्या चाळींमधून तिच्या विरोधात अधिक मते पडतात, हे डाव्यांना आजही उमगलेले नाही. पुढची कित्येक वर्षे त्याचा अर्थ दोनच वाक्यांत लावला गेला. एक बाजू म्हणाली, गिरणी मालकांनी आणि काँग्रेसच्या सरकारने पोसलेल्या गुंडांनी दहशतीवर निवडणूक मारली. दुसरी म्हणाली, मराठी माणसाने रशियाच्या हस्तकांना हाकलून दिले.

दोन्ही वाक्यांत मतदार कुठेच नाही. आणि गिरणगावातला मतदार हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गुंतागुंतीचा, सर्वांत विचारी माणूस होता.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. १८५६ मध्ये ती धागा काढू लागली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी असा धुराड्यांचा पट्टाच तयार झाला, तेच गिरणगाव. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे आली, नंतर उत्तरेतूनही आली. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे, खाणावळवालीकडे जेवायचे, गावकीच्या गाळ्यात ट्रंक ठेवायची आणि मुकादमाच्या मर्जीने बदली कामगार म्हणून दारात उभे राहायचे. या माणसांची पहिली ओळख गावाची, दुसरी जातीची. कामगार ही ओळख त्यानंतर आली, आणि ती फुकट मिळाली नाही.

१९२८ च्या संपाने ती दिली. सहा महिने गिरण्या बंद होत्या. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. अध्यक्ष अर्जुन आळवे, सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे. पण या एकीला तडा होता आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोट ठेवून दाखवला. विणाई खात्यात, जिथे पगार बरा मिळे, तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कांडीतला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळ मानणारे हात तिथेही लाल बावटा धरूनच उभे होते. म्हणजे ‘कामगार’ या एका शब्दाखाली सगळे एक झाले होते असे मानणे तेव्हाही खरे नव्हते. १९३८ च्या नोव्हेंबरात मात्र औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. गिरणगावात तेव्हापासून हेच चालत आले: भांडण असे, आणि वेळ पडली की खांद्याला खांदाही लागे.

ते खांदे सर्वांत जवळ आले संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती स्थापन झाली तेव्हा तिच्यात डांगे होते, एसेम जोशी होते, आचार्य अत्रे होते आणि प्रबोधनकार ठाकरेही होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफाला लाल बावट्याचा आधार होता आणि तो आवाज प्रत्येक मराठी घराला आपला वाटला. गोळीबारांत पडलेल्या १०६ हुतात्म्यांमध्ये गिरण्यांत राबणारी माणसे होती. पुढे ज्या दोन तटांत गिरणगाव विभागले गेले, ते दोन्ही तट याच एका व्यासपीठावरून उतरले आहेत, हे विसरून पुढचा इतिहास समजत नाही.

१ मे १९६० ला राज्य मिळाले. तोवर गिरणी कामगाराची मुले मॅट्रिकपर्यंत पोचली होती आणि बापासारखे कापसाच्या फुफाट्यात फुप्फुसे घालवायला ती तयार नव्हती. त्यांना कचेरीतली खुर्ची हवी होती. खुर्च्या थोड्या होत्या. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे यांचे ‘मार्मिक’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि त्यात मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या याद्या छापून येऊ लागल्या, बहुतेक आडनावे दाक्षिणात्य. सदराचे नाव ‘वाचा आणि थंड बसा’. नंतर ते ‘वाचा आणि उठा’ झाले. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा नाक्यानाक्यावर पोचली. माटुंग्यात संसार करणारा, सकाळी लोकल पकडून कारकुनी करणारा साधा माणूस एका लुंगीत आणि ‘यंडुगुंडू’ अशा एका शब्दात बसवला गेला. माणसाला शब्दात कोंबण्याची ही सवय एकदा लागली की ती एका गटापाशी थांबत नाही.

पुढचा नंबर डाव्यांचा लागला. कम्युनिस्टांसाठीचा ‘लालभाई’ हा शब्द एरवी आपुलकीचाही असू शकला असता. आता त्यात परकेपणा भरला गेला. रशियाचे हस्तक, चीनचे दलाल, मराठी माणसाचे वैरी. १९६२ च्या युद्धाची जखम ताजी होती, म्हणून हे शब्द चिकटलेही. वस्तुस्थिती अशी की नोव्हेंबर १९६२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने चीनच्या आक्रमणाच्या निषेधाचा ठराव केला होता आणि त्या भूमिकेमागे डांगे ठामपणे उभे होते. १९६४ ची फूट पडण्यात या वादाचाही वाटा होता. चीनधार्जिणे म्हणून परळमध्ये ज्यांना शिव्या बसत होत्या, ती चीनशी वाकडे घेतलेली माणसे होती. आणि मराठीचे वैरी? मराठी राज्यासाठी तुरुंगात गेलेल्यांना हे ऐकावे लागत होते.

डाव्यांनी दिलेली नावेही काही कमी नव्हती. फॅसिस्ट, गुंड, मालकांचे दलाल. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे शिवसेनेला अभय आहे म्हणून ‘वसंतसेना’. या आरोपाला आधार नव्हता असे नाही. संप फोडणे, युनियनच्या कचेऱ्यांवर चालून जाणे हे घडत होते. डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधल्या गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला, कागदपत्रांची नासधूस झाली. ऑगस्ट १९६८ मध्ये भारतीय कामगार सेना निघाली तेव्हा कारखानदारांनी तिचे स्वागतच केले. हल्ला करणाऱ्याला गुंड म्हणणे चूक नाही. पण शिवसेनेच्या शाखेच्या फळ्यावरची सूचना वाचायला थांबणारा, नळाला पाणी येत नाही म्हणून शाखाप्रमुखाला गाठणारा, नोकरीचा अर्ज हातात घेऊन रांगेत उभा राहणारा मुलगा गुंड नव्हता. तो युनियनच्या सभासदाचाच मुलगा होता. डाव्या नेत्यांनी त्याला मालकाचा माणूस म्हटले आणि त्या एका शब्दानिशी त्याच्याशी बोलण्याची वाट बंद करून टाकली. युनियनला बापाचा बोनस ठाऊक होता. मुलाच्या बेकारीसाठी तिच्याकडे कार्यक्रम नव्हता. ही चूक फार महाग पडली.

चाळीत काय दिसत होते? एकाच खोलीत भिंतीवर बापाचे डांगे आणि पोराचे शिवाजी महाराज. बाप पाळी संपवून कामगार मैदानावरच्या सभेला जाई, मुलगा शाखेत. गणपतीत दोघे एकाच मंडळाच्या वर्गणीची पावती फाडत आणि गावाला जायची एसटी एकत्र पकडत. गिरणीच्या आत लाल बावटा आणि नाक्यावर भगवा, असे अनेकांनी खुशाल वाटून घेतले होते. पगारासाठी झुंजणारी युनियन वेगळी आणि गटारासाठी धावणारी शाखा वेगळी, यात त्यांना विसंगती वाटत नव्हती. विसंगती दिसत होती ती फक्त पक्षांच्या कचेऱ्यांतून पाहणाऱ्यांना.

पक्षांचे वागणे तरी कुठे त्यांच्याच शब्दांना धरून होते? १९६८ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने १४० पैकी ४२ जागा जिंकल्या, आणि त्या निवडणुकीत तिचा जोडीदार होता प्रजा समाजवादी पक्ष. समाजवाद्यांनी भगव्याशी हात मिळवला तो कम्युनिस्टांना अडवायला. १९७५ मध्ये आणीबाणी आली तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांनी तिला पाठिंबा दिला. कम्युनिस्ट पक्षानेही दिला. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या भांडणात तावरीपाड्यात रक्त सांडले होते, ते दोघे इंदिरा गांधींच्या बाजूने उभे होते, आणि एसेम जोशींसारखे जुने सहकारी विरोधात.

म्हणून कृष्णा देसाईंचा खून मनातून जात नाही. शब्द हवेत विरून जातात असे म्हणणाऱ्यांनी १९६७ ते १९७० ही तीन वर्षे पाहावीत. आधी अंकांतून आणि सभांतून माणूस परका ठरवला गेला, मग त्याच्या कचेरीचा कागद फाडला गेला, मग त्याच्या अंगावर हत्यार चालले. मारणारे तरुण आणि मारला गेलेला आमदार एकाच वस्तीच्या पाण्यावर वाढले होते. लालभाई ठरलेल्या माणसाला मारताना आपण शेजाऱ्याला मारत आहोत हे त्या पोरांच्या मनात आले नसेल, हेच त्या शब्दाचे काम होते.

त्यानंतर गिरणगाव कायमचे भगवे झाले, असे सर्रास लिहिले जाते. मतपेट्या तसे सांगत नाहीत. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबई लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक होते आणि शिवसेना त्यांच्या पाठीशी होती. त्याच दिवसांत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. दलित पँथरने मतदानावर बहिष्कार पुकारला. पँथरच्या १० जानेवारीच्या मोर्चावर दगड आला आणि भागवत जाधव हा तरुण पँथर मारला गेला. निकाल लागला तेव्हा निवडून आल्या होत्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, डांगे यांच्या कन्या. ज्या भागाने सव्वातीन वर्षांपूर्वी सरोजिनीबाईंना नाकारले, त्याच पट्ट्यातून लाल बावटा पुन्हा दिल्लीला गेला.

मतदाराचे हे दोन्हीकडे असणे पुढे तर आणखी उघडपणे दिसले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षीच्या शिवसेनेच्या दसरा मेळाव्यात शिवाजी पार्कवर बाळासाहेबांच्या शेजारी शरद पवार आणि जॉर्ज फर्नांडिस बसले होते. संपाने मात्र घरे मोडली. दागिने गेले, भांडी गेली, माणसे गावी परतली, आणि मुलांचे शिक्षण तुटले. डिसेंबर १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, याच कामगारांनी दत्ता सामंतांना लोकसभेवर पाठवले. हरलेल्या संपाच्या नेत्याला भरल्या डोळ्यांनी दिलेले ते मत होते. आणि काही महिन्यांतच, १९८५ च्या महापालिका निवडणुकीत, शिवसेनेला ७४ जागा देऊन मुंबईची सत्ता तिच्या हातात ठेवणारेही हेच मतदार. उजवे की डावे, हा प्रश्न त्यांना विचारला असता तर त्यांनी गिरणी कधी उघडणार ते विचारले असते.

गिरण्या उघडल्या नाहीत. धुराडी पाडली गेली, त्या जागी मॉल आणि मनोरे आले. कामगारांना घरे मिळावीत म्हणून निघालेल्या मोर्च्यांत दोन्ही झेंड्यांखाली तारुण्य घालवलेली माणसे एकत्र चालली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा एक पोटनिवडणूक लागली, अंधेरी पूर्वची. आमदार रमेश लटके यांचे निधन झाले होते आणि त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके उद्धव ठाकरे यांच्या गटाकडून उभ्या होत्या. शिवसेना फुटली होती, धनुष्यबाण गोठवला गेला होता, हाती नवे मशाल चिन्ह होते. तेव्हा भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे मुंबईतले नेते मातोश्रीवर गेले आणि त्यांनी लटकेंना पाठिंबा जाहीर केला. परळमध्ये सरोजिनी देसाई मते मागत फिरल्या, त्याला त्या महिन्यात ५२ वर्षे झाली होती.