बस्ता

लग्न ठरलं की आमच्या बेलापूर पट्टीत पहिला विषय निघतो तो बस्त्याचा. बस्ता कुठून बांधायचा, नवरीला काय घ्यायचं, मानपानाची लुगडी किती आणि पैसे कोणी द्यायचे. दोन्हीकडची माणसं दुकानात गादीवर मांडी घालून बसतात, दुकानदार घडीमागून घडी उलगडत जातो, चहा येतो, कोणीतरी रुसतं. ही रीत जुनी आहे. पण नवरीच्या अंगावरचं वस्त्र आमच्या घरात तीन पिढ्यांत चार वेळा बदललं. ते का बदललं याचा हिशोब मांडायला बसलं की आमच्या जमिनीचा हिशोब आपोआप निघतो. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी, असं जुनी माणसं सांगत. मीठ पिकवायचं, खाडीला बांध घालून खाऱ्या जमिनीत भात काढायचा, उरलेल्या वेळात मासळी धरायची. या कामाला जुंपलेल्या बाईचं नेसणं कामानंच ठरवलं होतं. नऊ वारांचं लुगडं, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. मधून काष्टा घेऊन मागे खोचलेला आणि गुडघ्याच्या वर घट्ट आवळलेलं. आवणीच्या वेळी पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून राहायचं, बांधावरून भाताचे भारे डोक्यावर आणायचे, मिठागरात टोपल्या उचलायच्या. पायाशी घोळ असता तर पहिल्याच वाफ्यात बाई पडली असती.

नवरीही तसंच लुगडं तसंच नेसायची. फरक एवढाच की ते कोरं असायचं. लग्नानंतर तेच लुगडं सणाला, मग जत्रेला, मग बाजाराला, मग शेतात. शेवटी फाटलं की गोधडीत. नवरीचं वस्त्र एक दिवसाचं असतं ही कल्पनाच तेव्हा कोणाला सुचली नसती.

माझी आत्या कंट्रोलच्या काळात लग्न झालेली. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचं कापड लष्कराकडे वळलं, भाव भडकले आणि १९४३ पासून सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. खेड्यात त्याला सरळ ‘कंट्रोलचं कापड’ म्हणत. जाडंभरडं आणि तेही मोजून मिळायचं. आत्याचं लग्न १९४५ सालचं. नवं लुगडं मिळेना, म्हणून काकीचं एकदाच नेसलेलं लुगडं मागून आणलं. ठरलं होतं की लग्न झालं की परत द्यायचं. पण हळदीचे डाग काही निघेनात. शेवटी आजोबांनी काकीला एक मण भात दिला आणि लुगडं आत्याचं झालं. आत्या हे सांगताना हसायची, पण त्या मणभर भाताची चणचण घरात पुढं पावसाळाभर जाणवली, हेही तीच सांगायची.

माझ्या आईचं लग्न १९५५ चं. आजोबा होडीनं ठाण्याला गेले आणि जांभळी नाक्याच्या बाजारातून लुगडं घेऊन आले. इरकली होतं. इरकल म्हणजे इलकल हे गाव आता कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण तेव्हा तो सगळा भाग मुंबई राज्यात होता आणि तिकडचं लुगडं महाराष्ट्रभर खपायचं. अंग सुती, पदर रेशमाचा. पदराचे धागे अंगाच्या धाग्यांत एकेक अडकवून जोडतात, ही त्या विणीची खूण. लाल पदरावर पांढरी नक्षी असते. आईनं ते लुगडं मांडवात पहिल्यांदा पाहिलं. तिला कोणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं असतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मांडवात धवलारीण होती. आमच्यात लग्नाचे विधी धवले गाऊन लावणारी ही बाई, तिचा मान मोठा. लग्न बाईच्या तोंडून लागायचं, पण नवरीचं लुगडं पुरुष ठरवायचे. ही विसंगती मला फार उशिरा दिसली.

मग १९७० साल आलं. नवी मुंबई वसवायचं ठरलं, १७ मार्चला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला एमआयडीसीनं त्याच्या आधीच कारखान्यांसाठी जमीन घेतली होती. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. पुलावरून मुंबई आमच्याकडं आली आणि आमचा बस्ता दादरला गेला. मी तेव्हा शाळेत होतो. १९७५ साली नव्या पद्धतीच्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात मी होतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप तोवर कागदोपत्री बिनशेतीचे झाले होते.

जमीन गेली आणि लुगड्यामागचं कारणही गेलं. चिखल नाही, भारा नाही, मग गुडघ्यापर्यंत काष्टा कशाला? पोरी गोल साडी नेसू लागल्या. सहावारी, कधी नायलॉनची. आणि लग्नाला शालू आला. शालू बनारसचा. रेशमावर जरीची वेलबुट्टी, पदर जड. मुंबईच्या लग्नांत तो आधीपासून होता. आमच्याकडं तो मोबदल्याच्या पैशाबरोबर आला. मोबदला तुटपुंजा होता, पण हातात एकदम आला. भाताचा पैसा वर्षाला थोडा थोडा यायचा, हा एकाच वेळी आला आणि पुन्हा येणार नव्हता. अशा पैशाला वाटा फार फुटतात. त्यातली एक वाट कापडाच्या दुकानात जायची.

माझं लग्न १९८३ चं. आदल्या वर्षी, १९८२ च्या १८ जानेवारीला, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. मुंबईतल्या गिरण्यांची भोंगे बंद आणि सुमारे अडीच लाख माणसं घरी. माझा चुलता त्यातलाच एक. जन्मभर त्यानं लोकांच्या लुगड्यांचं सूत काढलं आणि पुतण्याच्या लग्नात आहेर करायला त्याच्याकडं काही नव्हतं. तरी बायकोला आम्ही दादरहून शालू घेतला. डाळिंबी रंगाचा होता.

पुढच्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई परिसरात गोळीबार झाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या भावासाठी उतरले होते. पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व आलं. आई तेव्हा इतर बायकांबरोबर ट्रकमधून जासईला गेली होती. ती जुनंच लुगडं नेसून गेली. म्हणाली, पळायची वेळ आली तर गोल साडी पायात येईल.

शालूचं पुढं काय झालं तेही सांगतो. वाढीव मोबदल्याचा दावा वर्षानुवर्षं चालला. वकिलाची फी, तारखा, येण्याजाण्याचा खर्च. एका वर्षी घरात विकण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बायकोनं पेटीतला शालू काढला. जुन्या खऱ्या जरीच्या कापडाला गिऱ्हाईक असायचं. जरीवाला ते वजनावर घ्यायचा आणि जाळून त्यातली चांदी काढायचा. रेशमाची राख व्हायची, चांदी राहायची. त्या पैशातून तीन तारखा निघाल्या. बायको त्यावर कधी काही बोलली नाही. पण त्यानंतर कोणाच्याही लग्नात शालूची तारीफ चालली की ती उठून चहा टाकायला जाते.

त्यानंतर आली पैठणी. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, गोदाकाठची सातवाहनांची राजधानी. तिथलं रेशमी कापड फार पूर्वीपासून नावाजलेलं. पेशव्यांना आणि निजामाच्या घराण्यालाही पैठणीची हौस होती. आज हातमागावरच्या पैठणीचं मोठं ठिकाण नाशिक जिल्ह्यातलं येवला. पदरावर मोर, पोपट, कमळ, आसावलीची वेल. ही नक्षी भरतकामाची नसते. विणतानाच वेगवेगळ्या रंगांचे धागे हातानं अडकवत जातात, म्हणून साधी पैठणी व्हायलाही काही आठवडे लागतात आणि भरगच्च पदराला कित्येक महिने. आमच्या आज्यांनी मात्र पैठणी पाहिलीसुद्धा नव्हती. ती सरदार-सावकारांच्या घरची. आमच्या वस्तीत तिची खरी हवा झाली टीव्हीवरून. २००४ साली ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, रोज संध्याकाळी कुठल्यातरी साध्या घरातली वहिनी पैठणी जिंकायची आणि आमच्या घरातल्या बायका जेवणं खोळंबून ते बघायच्या. ज्या वस्त्राची आपली परंपरा नव्हती ते हळूहळू आपली परंपरा झालं. यात मला काही वाईट दिसत नाही. परंपरा अशाच होतात. शालू तरी आमचा कुठं होता?

आता गेल्या वर्षाची गोष्ट. धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. पोर ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत कामाला आहे. नवऱ्याकडच्यांचं म्हणणं, स्वागत समारंभाला घागरा हवा, त्यांच्या थोरल्या सुनेला होता. भावजयीचं म्हणणं, लग्नाला भरजरी पैठणी हवी, नाहीतर लोक काय म्हणतील. आत्याबाईंचं म्हणणं, शालूशिवाय लग्न ते कसलं. हळदीला घरातल्या सगळ्यांना एकाच रंगाचे कपडे, डीजे आणि दोन गावांचं जेवण, हे तर धरलेलंच. आमच्याकडं हळद आता लग्नापेक्षा मोठी होते. काही गावांत या खर्चाला आळा घालायला बैठकाही झाल्या.

भावानं बेरीज केली आणि म्हणाला, साडेबारा टक्क्यातला आपला तुकडा बिल्डरला द्यायचाच आहे, आत्ताच आगाऊ रक्कम उचलू.

आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. वय शहाऐंशी. ती म्हणाली, “त्या तुकड्यासाठी मी रस्त्याव बसले व्हते. लुगड्यापायी जमीन गेलेली मी आयकली नाय कंदी. आता ती पन आयकू का?”

कोणी बोललं नाही. मग पुतणीच म्हणाली, “काका, नेसणार मी ना? मंग मना कोनी इचारलंच नाय.” ऑफिसात ती शुद्ध बोलते, पण रागात आली की आजीची भाषा येते.

तिनं जे ठरवलं ते असं. हळदीला पिवळं सुती नऊवारी, आजीच्या पद्धतीनं, आजीच्या हातनं नेसवलेलं. बाजारात शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. ती तिनं नाकारली. नेसवायला येणारी बाई घरात जिवंत आहे तोवर शिवलेली कशाला, एवढंच तिचं म्हणणं. लग्नाला येवल्याची साधी, काठपदर बारीक असलेली हातमागाची पैठणी. अर्धे पैसे तिच्या पगारातले, अर्धे सासरचे. घागरा हवाच असेल तर एका संध्याकाळीपुरता भाड्यानं आणि भाडं ज्यांना हवा त्यांनी द्यावं. आगाऊ रक्कम उचलायची नाही.

हे सहज झालं नाही. पंधरा दिवस दोन घरांत बोलणं बंद होतं. भावजय रडली. मध्यस्थानं लग्न मोडतंय असंही एकदा सांगितलं. शेवटी होणारा जावई स्वतः बोलला आणि घागऱ्याचं भाडं त्यानं भरलं.

पैठणी घ्यायला आम्ही येवल्याला गेलो. विणकरानं पदर उलटा करून दाखवला. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागं धाग्यांचं जाळं लोंबतं किंवा कापलेली टोकं दिसतात. माझ्या लक्षात राहिलं ते हे की विणकर एक मोर विणताना मान वर करत नव्हता, अगदी आवणी करणाऱ्या बाईसारखा. आपण भाव पाडून मागतो तेव्हा त्या मानेचा भाव पाडतो.

तीन पिढ्यांचा हा हिशोब मांडल्यावर मला एवढंच दिसतं. आत्याला लुगडं मिळालं नाही, आईला ते विचारलं नाही, बायकोला मिळालं ते टिकलं नाही. चौथ्या वेळी पोरीनं स्वतः निवडलं. ते शालू होतं की पैठणी, याला मी दुय्यम मानतो. बस्त्याला बसण्याआधी घरात तीन गोष्टी बोलून घ्याव्यात: नेसणार कोण, पैसा कुठला, आणि लग्नानंतर त्या वस्त्राचं काय होणार. पैसा पगारातला असला तर उद्या पुन्हा येईल. जमिनीचा असला तर येणार नाही.

पुतणीची पैठणी वर्षभरात चार वेळा नेसून झाली. पिवळं लुगडं आईकडं आहे. हळदीचे डाग निघाले नाहीत, पण या वेळी ते कोणाला परत द्यायचं नाही.